उतावळ्याची चाई

मला थांबता येत नाही. एसटीची वाट पाहता पाहता मी पुढच्या फाट्याकडे चालायला लागतो आणि मधेच एसटी मला धूळ चारून निघून जाते, असं कितीदा तरी झालंय. लहानपणी पेरलेला भुईमूग उगवला की नाही हे बघायला मी माती उकरायचो. वडील मारायचे नाहीत. "उकरून पाह्यलं की उगत न्हाई," एवढंच म्हणायचे आणि दाणा पुन्हा मातीत दाबायचे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जालन्यात बियाण्यांच्या दुकानात नोकरीला होतो. लग्न ठरलं होतं, तारीख अडीच महिन्यांवर होती. एके दिवशी केस कापता कापता न्हावी थबकला. त्यानं मागे दुसरा आरसा धरून मला माझंच डोकं दाखवलं. उजव्या कानामागे चार आण्याच्या नाण्याएवढी जागा पार गुळगुळीत झाली होती.

"चाई पडली," तो म्हणाला. "किडा राहातो तिथं. झोपेत केस खातो."

त्या दिवसापासून माझं बोट तिथून हटेना. गिऱ्हाइकाला ज्वारीची पिशवी देताना एक हात पिशवीवर आणि दुसरा कानामागे. आठवड्यात शेजारी दुसरी चाई पडली. मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर? डोक्यात रोग असलेल्याला पोरगी कोण देईल? मुलगी मी एकदाच पाहिली होती आणि ती मला फार आवडली होती. ती हातची जाईल या भीतीनं मला जेवण जाईना.

मग जो जे सांगेल ते मी केलं. कांदा चोळला, गुंजा उगाळून लावल्या. कुणी तरी म्हणालं जमालगोटा लाव, तर त्यानं असे फोड आले की तीन दिवस उशीला डोकं टेकवता येईना. शेवटी कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी भिंग लावून पाहिलं. म्हणाले, "किडाबिडा काही नसतो. हे मलम लावा आणि थांबा. बहुतेकदा केस आपोआप येतात, पण काही महिने जातील." महिने! मी मलम खिशात घातलं आणि पायऱ्या उतरतानाच दुसरा उपाय शोधायला लागलो.

मंठ्याच्या बाजारात एक वैदू बसायचा, त्याचा लेप म्हणे रामबाण. माझं गाव मंठ्यापासून जवळच. रजा टाकून थेट तिथं गेलो. त्याची एकच अट होती, डोई पूर्ण तासून यायचं. मी तडक न्हाव्याकडे गेलो. बाजारचा दिवस, बाकड्यावर सहा-सात माणसं नंबर लावून बसलेली. मी म्हणालो, "डोई करायची आहे, जल्दी."

न्हाव्यानं माझ्याकडे पाहिलं. चांगल्या दाट केसांचा पोरगा गोटा का करतोय, हे आमच्याकडे विचारावं लागत नाही. तरी त्यानं हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

चाईचं सगळं रामायण त्या बाकड्यासमोर सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हणालो, "वडील."

बाकड्यावरची माणसं सरकून उभी राहिली. मला लगेच खुर्ची मिळाली. न्हाव्यानं डोई केली आणि मग रिवाजाप्रमाणे मिशीलाही वस्तरा लावला. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण "थांबा" म्हणायचं तर काय सांगून? ज्या माणसाला थांबता येत नाही, त्याला थांबवताही येत नाही.

वैदूकडून लेप घेऊन, त्याची बडबड ऐकून मी संध्याकाळच्या एसटीनं गावात उतरलो, तर आमच्या दारात ही गर्दी. झालं असं होतं की बाकड्यावरच्या एकानं मला ओळखलं होतं, आणि बातमी माझ्या आधी जीपनं गावात पोचली होती. आई-वडील दिवसभर शेतात, घराला कुलूप. लोकांना वाटलं, दवाखान्यात नेलं असेल. लोक डोक्याला उपरणी गुंडाळून ओट्यावर बसून राहिले. दिवस मावळायच्या सुमारास वडील डोक्यावर गवताचा भारा घेऊन आले आणि दारात माणसं पाहून घाबरून म्हणाले, "कोण गेलं?"

हे मला नंतर कळलं. मी पोचलो तेव्हा सगळे माझ्या डोक्याकडे बघत होते आणि आई कपाळावर हात मारून घेत होती. "बाप जिता असताना डोई करून आला गं बाई!"

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. वडील उठले. माझ्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि लोकांना म्हणाले, "चाई पडली त्याला. मीच म्हणलं व्हतं, डोई करून ये."

"अन् मिशी?" एकानं विचारलं.

"तिलाबी लागली आसंल."

लोक हसले. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," असं कुणी तरी म्हणालं आणि ओटा रिकामा झाला. वडील काही मला डोई करायला सांगणारे नव्हते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे वडील आणि चुलते पडलेल्या चेहऱ्यानं सांत्वनाला दारात हजर झाले. त्यांना पाण्याचा तांब्या द्यायला माझे वडीलच पुढे गेले. दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते, पण मला हसू येईना. वडिलांनी मला हाक मारली, वळवून उभं केलं आणि चाई दाखवली. "पाहून घ्या. उद्या म्हणाल लपून ठेवली." मुलीच्या वडिलांनी वाकून पाहिली. "ही व्हय? माझ्या भावाच्या दाढीत पडली व्हती. भरून आली," ते म्हणाले आणि चहा मागितला. ज्या गोष्टीसाठी मी दोन-तीन आठवडे जळत होतो, ती चहा येण्याआधी संपली.

लेप मात्र वडील स्वतः लावायचे. तो शेणासारखा वास मारायचा. मी ओट्याच्या पायरीवर बसायचो, ते मागे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी लेप चोळता चोळता म्हणाले, "न्हाव्यानं इचारलं आसंल न्हवं, कोण गेलं म्हणून?"

"विचारलं."

"मंग?"

मी नखानं ओट्याची माती उकरायला लागलो. त्यांचं बोट माझ्या डोक्यावर क्षणभर थांबलं, आणि मग पुन्हा फिरायला लागलं. तो विषय त्यांनी जन्मात परत काढला नाही. माझी हिंमत झाली नाही. माफी मागायचीच राहिली.

लग्नात फेट्यानं सगळं झाकलं. लेप मी लग्नाआधीच सोडून दिला होता. पुढे चाईत आधी पांढरी लव आली, मग काळे केस आले, डॉक्टर म्हणाले होते तसेच, आपोआप. बायकोला ती जागा शोधूनही सापडायची नाही.

दोन हजार साल उलटल्यावर वडील गेले. दहाव्याला आम्ही शहागडला, गोदावरीवर गेलो. काठावर न्हावी बसला होता. मी त्याच्यासमोर बसलो, त्यानं ओंजळीनं माझे केस भिजवले आणि वस्तऱ्याला पातं लावता लावता विचारलं, "कोण गेलं?"

एक शब्द तर सांगायचा होता. मंठ्याला तो किती पटकन निघाला होता. आता तो निघेना. मी तोंड उघडलं, मिटलं. मला रडू फुटलं.

"सावकास सांगा," न्हावी म्हणाला. "जल्दी न्हाई." आणि वस्तरा हातात धरून तो थांबला.