पिलाचा डोळा आणि आईचे थेंब

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले थेंब मी मांजराच्या पिलाच्या डोळ्यांत टाकले आणि कोणाला सांगितलं नाही. ही माझी चूक. त्याहून मोठी चूक नंतरची आहे.

पिलू बेवारस होतं. शेजारच्या भाभींच्या शिलाई मशीनखाली येऊन बसायचं. दोन्ही डोळे पिवळ्या चिकट घाणीनं बंद. भाभी उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून ते पुसायच्या. पापण्या उघडायच्या, दुपारपर्यंत पुन्हा चिकटायच्या.

“भाऊ, तुमी रोज भाजी घेऊन मेडशीच्या बाजारात जाता. तिथल्या दवाखान्यात याले दाखवा ना.”

“भाभी, तो ढोरायचा दवाखाना हाय. म्हशीच्या लाइनीत मी मांजर घेऊन उभा राहू? लोक मले वर्षभर सोडनार नाहीत.”

“मंग हासू द्या त्यायले. तुमचं काय झिजते?”

मी टाळलं. पण पिलाकडे बघवेना, म्हणून भाभी आत गेल्या की आमच्या फडताळातली ती बाटली आणून गुपचूप थेंब टाकू लागलो. आईला चाललं ते याला का चालणार नाही, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजव्या बुबुळावर पांढुरकी निळसर झाक आली. पिलानं खाणं सोडलं. मग वांग्यांचं कॅरेट रिकामं करून त्यात पोतं अंथरलं आणि भाभी न् मी ऑटोनं दवाखान्यात गेलो. तिथं कोणी हसलं नाही. एका शेळीवाल्यानं तर आम्हाला पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “डोळ्यात काही टाकलं होतं का?”

मी काही बोलायच्या आत भाभींचा चेहरा उतरला. “मीच कापसानं जोरात पुसलं असन. माह्याच हातानं झालं.”

मी खाली वाकून कॅरेटातलं पोतं सारखं करत राहिलो.

भाभी ऑटोत जाऊन बसल्या, तेव्हा मी एकटा परत आत गेलो आणि डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या थेंबांत बहुतेक स्टेरॉइड असतं. बुबुळावर जखम असली तर ती त्यानं वाढते. बरं झालं सांगितलंत.” जुनी बाटली फेकायला सांगून त्यांनी औषध लिहून दिलं. “डोळे असे चिकटले की घरी प्रयोग नाही, इथं आणायचं. बुबुळ पांढरं दिसलं किंवा खाणं सुटलं, तर त्याच दिवशी.”

औषध मीच घालायचो. भाभी पिलाला हात लावायला घाबरत होत्या. हळूहळू झाक ओसरली, टिकलीएवढा डाग तेवढा राहिला. दुसऱ्या तपासणीत डॉक्टरबाई म्हणाल्या, “दिसतंय याला.” कित्येक दिवसांनी मला पोटभर जेवण गेलं.

संध्याकाळी भाभी मशीनवर होत्या. पिलू लोंबणाऱ्या दोऱ्यावर झडप घालत होतं. त्या त्याला दुरूनच म्हणाल्या, “माफ कर रे बाबा, माह्या हातानं आंधळा होऊन राह्यला होता तू.”

मी त्यांच्या उंबऱ्यापाशी बसलो.

“भाभी, तुमच्या पुसन्यानं काहीच झालं नव्हतं. आईचे थेंब मी टाकले होते. तुमी दोष अंगावर घेतला, अन् मी तोंड शिवून उभा होतो. माफी तुमी नाही, मी मागाले पाह्यजे. माफ करा मले.”