चोरीला गेलेला पुढारी

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी जमलेली ती गर्दी इतक्या वर्षांनीही डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहते. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी कोल्हापुरात फौजदार होतो. सकाळी आठ वाजता हजेरी घेत असतानाच आमच्या शहरातले एक मूर्तिकार धापा टाकत आत आले आणि म्हणाले, "साहेब, पुतळा गेला."

कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. शहरात त्या दिवसांत एकाच पुतळ्याची चर्चा होती. आदल्या वर्षी वारलेल्या एका पुढाऱ्याचा ब्राँझचा अर्धपुतळा तयार झाला होता आणि चार दिवसांनी त्याचं अनावरण होतं. मुंबईहून मंत्री येणार होते.

या पुढाऱ्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. खेड्यातल्या शेतकऱ्यांची मुलं शहरात येऊन शिकावीत म्हणून त्यांनी शाळा काढली, वसतिगृह बांधलं. शाहूवाडी, पन्हाळ्याकडची किती घरं त्यांच्यामुळे शिकली, ते त्या घरांनाच विचारावं. आणि याच माणसाच्या एका भाषणानंतर एका गल्लीतली चार घरं पेटली होती. त्यांनी 'पेटवा' म्हटलं नव्हतं, पण 'विझवा'ही म्हटलं नव्हतं. निम्मं शहर त्यांना देव मानत होतं आणि उरलेलं निम्मं त्यांचं नाव घेताना थुंकत होतं. आमच्या ठाण्यातही तेच. हवालदारांच्या देव्हाऱ्याशेजारी त्यांची तसबीर, आणि ठाण्याची लिखापढी करणारे आमचे रायटर ती तसबीर दिसेल म्हणून हवालदारांच्या घरी चहालाही जात नसत.

मी मूर्तिकारांच्या कारखान्यावर जाऊन पंचनामा केला. दाराची कडी पहारीने उचकटलेली. पुतळा ठेवलेला लाकडी चौरंग जागेवर. मला विशेष वाटलं ते जमिनीचं. अंगणभर भुसभुशीत माती होती, आणि तिच्यावर काही ओढून नेल्याची एकही खूण नव्हती. चार माणसांनी धापा टाकत उचलावी अशी ती वस्तू. म्हणजे ज्यांनी नेली, त्यांनी ती खाली न टेकवता अंगणापार नेली होती. पंचनाम्यात मी तेवढंच लिहिलं आणि परत आलो.

परत येईतो फाटकाशी दोन-अडीचशे माणसं जमली होती. सगळ्यांत पुढे होता पुढाऱ्याचा उजवा हात समजला जाणारा गृहस्थ. पांढरं धोतर, करकरीत फेटा, खणखणीत आवाज. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आली होती आणि तो उभा राहणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"चोर कोण ते आख्ख्या गावाला म्हाईत हाय, फौजदार," तो ओरडला. "मास्तरला बेड्या घाला! उद्या चारपतोर पुतळा मिळाला न्हाय, तर आमी आमचं बघून घिऊ."

मास्तर म्हणजे जळालेल्या चार घरांपैकी एका घराचे मालक. निवृत्त शिक्षक, वय साठीच्या पुढे, सडसडीत अंगाचे. पुतळ्याच्या विरोधात सभेत उघड बोललेला तो एकटा माणूस. मी दोन शिपाई पाठवून त्यांना ठाण्यात आणवलं. डायरीत 'चौकशीकामी' अशी नोंद केली. खरं कारण वेगळं होतं. घरी राहिले असते तर जमावाने त्यांना जिवंत सोडलं नसतं.

चौकशी मात्र मी मनापासून केली. संशयिताला दया दाखवून प्रश्न विचारायचे नसतात.

"पुतळा होऊ नये असं तुम्ही म्हणालात की नाही?"

"म्हणालो. पुन्हा म्हणेन."

"मग तो गेला याचा आनंद झाला असेल."

मास्तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "फौजदारसाहेब, माझी पुस्तकं जळाली तेव्हा मी अंगणात उभा होतो. जाळणाऱ्यांतले तिघे माझे विद्यार्थी. मला त्या माणसाचा पुतळा चोरायचा नाही. त्याच्याविषयी सगळं खरं सांगितलं जावं, एवढंच मला हवंय. पुतळा नाहीसा झाला तर मी बोलू कशाविषयी?"

खोटं बोलणारा माणूस प्रश्नापेक्षा लांब उत्तर देतो आणि मध्येच हातांकडे बघतो, हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं. मास्तरांची नजर क्षणभरही खाली गेली नाही. पण नजर कोर्टात चालत नाही. पुतळा हवा होता.

खबर मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तीही तक्रार म्हणून. ठाण्यात दूध घालणारी गवळण हवालदारांशी बोलत होती. "तालमीचं गिऱ्हाइक तुटलं बघा. चार कळश्या ताक ठेवलंतं काल, एकानं घेतलं न्हाय. माती मळायला काढलीया म्हणत्यात, म्हणून तालीम बंद."

मी हातातली लेखणी खाली ठेवली. "मावशी, माती मळायला काढली, आणि ताक नको म्हणाले?"

"व्हय की साहेब. मी बी त्येच म्हटलं, कोरडीच मळताय काय रं?"

विशीपर्यंत मीही लंगोट कसून हौद्यात उतरलेला. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती मळायची म्हणजे त्यात ताक, तेल, हळद पडते. तिचा आंबूस वास दोन गल्ल्या ओलांडून येतो. ताकाशिवाय माती मळत नाहीत. मग ती उकरली होती कशासाठी? आणि पुतळा अंगणात न टेकवता नेण्याइतकी ताकद शहरात कुठे एकत्र सापडते, ते आता वेगळं सांगायला नको.

दोन पंच आणि चार शिपाई घेऊन मी तालमीत गेलो. वस्ताद दारातच बसले होते. सत्तरीचे, कान मोडलेले, शहरात ज्यांच्या शब्दाला किंमत आहे असे. आत हौद्यातली माती नुकतीच सारखी केलेली. वास कसलाच नाही.

मी त्यांच्या शेजारी बसलो. "वस्ताद, माती मळली म्हणे?"

"व्हय."

"मग वास कुठाय?"

त्यांनी मान फिरवून रस्त्याकडे पाहिलं.

"वस्ताद, चार वाजता चौकात जमाव गोळा होणार आहे. मास्तरांसाठी ठाण्यावर चालून येणार आहे. तुमची पोरं त्यांत सगळ्यांत पुढे असतील. एका म्हाताऱ्याचा मुडदा पडेल, आणि तो तुमच्या मातीवर पडेल."

वस्तादांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "साहेब, आमाला सांगितलं, मास्तरची मान्सं पुतळा फोडणार हाईत. जपून ठेवा, अनावरणाला भाईर काढू. पोरांनी इस्वास ठेवला. मी बी ठेवला. काल त्यो फाटकाशी मास्तरच्या नावानं वरडला, तवा कळलं मला. पर तोंड उघडाय लाज वाटली."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी नाव घेतलं. पांढऱ्या धोतराचं, करकरीत फेट्याचं.

वस्तादांनी स्वतः फावडं घेतलं. हातभर खाली गोणपाट लागलं. ते बाजूला केल्यावर तांबड्या मातीतून आधी कपाळ वर आलं, मग नाक, मग मिशा. पंचांपैकी एकाने नकळत हात जोडले, दुसऱ्याने तोंड फिरवलं. मी दोघांच्याही सह्या एकाच कागदावर घेतल्या.

पुतळा ठाण्यात नेऊन मुद्देमालात जमा करणं हे नियमाचं काम होतं. ते मी केलं, पण रस्ता चौकातला निवडला. हातगाडीवर पुतळा, दांडीला धरून स्वतः वस्ताद, मागे त्यांचे आठ पैलवान, खाली माना घालून. चौक गच्च भरला होता. पुढाऱ्याचा तो उजवा हात ओट्यावर उभा राहून भाषण करत होता. गाडी दिसली तसा त्याचा आवाज चिरकला.

"सापडला!" कुणीतरी ओरडलं. जयजयकार सुरू झाला. मी हात वर केला. "पुतळा सापडलाय. कुठं सापडला ते वस्ताद सांगतील."

वस्ताद हातगाडीवर चढले. "माझ्या तालमीत पुरला हुता. माझ्याच पोरांनी. आन् पुराय लावला त्यो ह्यो, ओट्यावर हुबा हाय. मास्तरचा ह्यात नखाएवढा संबंध न्हाय. मला काय शिक्षा करायची ती करा."

मग सगळा जमाव ओट्याकडे वळला. मला धावत जाऊन शिपायांचं कडं करून त्या गृहस्थाला बाहेर काढावं लागलं. मास्तरांच्या रक्षणासाठी बोलावून चौकात ठेवलेली जादा कुमक शेवटी त्याला वाचवायला कामी आली. ठाण्यात त्याने कबुली द्यायला दहा मिनिटंही घेतली नाहीत. एक दंगल झाली की निवडणूक खिशात, असा हिशेब होता. पुढे त्याला शिक्षा झाली. वस्ताद आणि पोरांना माफीचे साक्षीदार केलं.

मी मास्तरांना पायी घरी पोचवायला निघालो. बरोबर एकही शिपाई घेतला नाही. काल ज्यांनी दगड गोळा केले होते, ते बाजूला सरकून वाट देत होते. माझी मान आयुष्यात इतकी ताठ क्वचितच झाली असेल.

तेवढ्यावर हे संपलं नाही. कोर्टाच्या हुकमाने पुतळा अनावरणासाठी स्मारक समितीकडे गेला. पुढाऱ्याच्या पत्नी मास्तरांच्या घरी गेल्या. त्यांनी काय विनवणी केली, ते मला अनावरणाच्या दिवशी कळलं. समितीने कोरायला दिलेली विशेषणांची पाटी बाईंनी नाकारली होती. दगडावर नुसतं नाव होतं. आणि मंत्र्यांच्या आधी बोलायला उभे राहिले ते मास्तर.

हजारो माणसांपुढे ते म्हणाले, "या माणसाने बांधलेल्या शाळेत ज्यांची मुलं शिकली, त्यांनी ते सांगत राहावं. या माणसाच्या भाषणानंतर ज्यांची घरं जळाली, तेही सांगत राहतील. दोघांनी एकमेकांचं ऐकावं. बाईसाहेबांनी मला इथं बोलावलं, म्हणून मला आता हा पुतळा सलत नाही." आणि ते खाली बसले.

बंदोबस्तासाठी मी साठ लाठ्या बाहेर काढल्या होत्या. एकही उचलावी लागली नाही. आधी एका कोपऱ्यातून टाळी आली, मग सगळीकडून.

तोवर मी समजत होतो की मेलेल्या पुढाऱ्याचं नाव म्हणजे सरकारी मालमत्तेसारखं, पहारा ठेवून जपायचं काम. त्या गुन्ह्याने मला शिकवलं की धोका त्याच्या निंदकांकडून नसतो. धोका असतो तो त्याच्या नावाने दुसऱ्याचं तोंड बंद करणाऱ्याकडून. पुढे कितीतरी गावांत असे बंदोबस्त केले. प्रत्येक ठिकाणी गेल्यावर मी पहिला प्रश्न एकच विचारत असे: इथं कुणाला बोलू दिलं जात नाही? आणि मग माझी खुर्ची त्या माणसाच्या शेजारी मांडत असे.