वाटेवरचे चुन्याचे ठिपके

रविवारी सकाळी तेलीबांधा तलावाजवळच्या चहाच्या टपरीपाशी जमायचं, वहीत सही करायची, आठ किलोमीटर पायी फिरायचं आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं, एवढाच आमच्या भटकंती मंडळाचा कार्यक्रम. मी सचिव होते. वही माझी, नियम माझे, दर गुरुवारी टपरीच्या खांबावर येत्या रविवारचा मार्ग लिहिलेला कागदही मीच चिकटवायची.

मंडळाला पाच वर्षं होत आली तेव्हा ठरलं की वर्धापनदिनाला राबणाऱ्यांचा सत्कार करायचा. यादी करणं माझ्याकडे आलं. पाण्याचे कॅन आणणारा, औषधांची पिशवी वाहणारी, सगळ्यांच्या मागे राहून रेंगाळणाऱ्यांना गोळा करणारा, पोहे करणाऱ्या दोघी. यादीत कोणी सुटू नये म्हणून मी डोळे मिटून आख्खा रविवार मनात चालून पाहिला. सही केली, निघालो, डांबरी रस्ता सोडला, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आलो, आणि तिथे मी अडकले. पुढे कुठे वळायचं हे आम्हाला कोण सांगतं?

चुन्याचे ठिपके सांगतात. दगडावर, झाडाच्या बुंध्यावर, कधी विजेच्या खांबावर, रुपयाएवढे पांढरे ठिपके. कित्येक महिने आम्ही त्यांच्या मागे चालत होतो. ते कोण काढतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर, इथलेच, हिंदी बोलणारे. त्यांना फोन केला.

"मैं तो समझता था दीदी, आप ही करवाती हैं," ते म्हणाले.

पोहे करणाऱ्या म्हणाल्या, जंगल खात्याचे असतील. पण आम्ही जंगलात जातच नव्हतो. शहराबाहेर राज्याच्या नव्या राजधानीसाठी मोजून ठेवलेल्या जमिनींमधून चालायचो. तिथे मागच्या रविवारची पायवाट या रविवारी जागेवर असेल याची खात्री नसायची. कुठे नाली खणलेली, कुठे तारेचं कुंपण, कुठे गिट्टीचा ढीग. आणि ठिपके मात्र बरोबर त्या नव्या नालीला वळसा घालून जायचे. म्हणजे आमच्या आधी एखाद-दोन दिवसांत कोणीतरी ती सगळी वाट चालून येत होतं.

पुढच्या रविवारी मी गप्पा न मारता फक्त ठिपके बघत चालले. सरळ वाटेवर एकेक ठिपका. वळण यायच्या वीसेक पावलं आधी दोन ठिपके, शेजारी शेजारी. वळणावर बाण. मी दोन ठिपक्यांपाशी थांबले. माझे वडील रेल्वेत होते, आमचं बालपण क्वार्टरमध्ये गेलं. ते सांगायचे, गाडी थांबवायची असेल तर ड्रायव्हरला आधी कळलं पाहिजे, थांबायच्या जागी कळून काय उपयोग? वळणाच्या आधी इशारा देणारा माणूस रेल्वेतलाच असणार.

घरी येऊन वही उघडली. मंडळात रेल्वेतले तिघं. पहिल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मले वाकता येत नाही, ठिपके कुठून काढू?" दुसरा तर दर वळणावर मलाच विचारायचा, "दीदी, किधर?" तिसऱ्यांच्या नावावर लाल रेघ होती. रुळांची देखभाल करण्यात जन्म घालवलेले, अकोल्याकडचे एक काका. सहा रविवार सलग गैरहजर म्हणून माझ्याच अक्षरात त्यांना नाव कमी केल्याची चिठ्ठी गेली होती.

शनिवारी सकाळी मी स्कूटर घेऊन रविवारच्या मार्गावर गेले. शेवटच्या दुकानापाशी ती लावली आणि ठिपके धरून निघाले. तिसऱ्या ठिपक्याला बोट लावलं तर बोट पांढरं झालं. अर्ध्या तासाने काका दिसले. धुऱ्यावर बसून गुडघ्याला फडकं गुंडाळत होते. शेजारी चुन्याचं डबडं, त्यात दाढीचा जुना ब्रश.

मला पाहून ते दचकले. "काहून वो ताई, तुमी इकडे? कुंपण पाहाले आल्या का?"

"तुम्हालाच पाहायला आले. काका, रविवारी का येत नाही?"

"तुमचा नियम आहे ना, आठ किलोमीटर दोन घंट्यात. मले पाच लागते. बसत बसत जातो. मंग म्हटलं, आपन एक दिवस आधी निघू. लोकायले वाट त सापडंन."

हा नियम मी आदल्या वर्षी केला होता, एक जण उन्हात चक्कर येऊन पडल्यावर. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

"पण नाव कमी केल्याची चिठ्ठी मिळाली असेल ना? तरी ठिपके काढत राहिलात?"

"चिठ्ठी आली. पन रविवारी तुमाले चालाचंच होतं ना." फडक्याची गाठ मारत म्हणाले, "घरी नाही सांगतलं. मंडळ आता शनिवारी जाते म्हनतो, म्हनून पोट्टा सोडते. एकटा निघतो म्हटलं त घराबाहेर पाय टाकू देनार नाही. सत्कारबित्कार करून राहिल्या असान त मले नोका बलावू."

मी उन्हात उभी राहून विचार करत होते. मुलाचं चुकत नव्हतं. ओसाड जमीन, खणलेल्या नाल्या, दुखरा गुडघा आणि सोबत कोणी नाही. मला कळूनही मी गप्प राहिले असते आणि काका कुठे पडले असते, तर ते माझ्या माथी. सांगितलं तर त्यांचं फिरणं संपलं. तरी घरी सांगावंच लागेल, असं मी त्यांना स्पष्ट म्हटलं. त्यांनी ब्रशने डबडं ढवळलं.

"हव," म्हणाले. "सांगाचंच आहे त सत्काराले येऊन मीच सांगतो. तुमी मधात बोलू नका."

त्याच आठवड्यात मी दोन कामं केली. समितीपुढे वेळेचा नियम रद्द करायला ठेवला. अध्यक्ष हसून म्हणाले, "नियम तो आप ही लाई थीं, दीदी." म्हटलं, हो, म्हणून मीच परत नेते. नियम रद्द झाला. दुसरं, गोल बाजारात जाऊन आणखी एक शाल घेतली.

कार्यक्रम चौबे कॉलोनीतल्या छोट्या सभागृहात झाला. काका मुलगा-सुनेला घेऊन आले होते. शाल अंगावर पडल्यावर त्यांनी माईक मागितला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शनिवार, पाच तास, एकटे.

मुलगा खुर्चीतून उठला. "पापा, आप अकेले जाते थे? इतने महीने?"

काका शालीचं टोक चाचपत उभे. मला बोलायचं नव्हतं, तसं कबूल केलं होतं.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई बोलल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, माझ्या नियमानंतर मंडळ सोडून गेलेल्या. फक्त पोहे खायला आले, असं मला दारातच ऐकवलं होतं त्यांनी. "आता एकटे नाही जानार. मले बी पाच घंटेच लागते. मी येतो शनिवारी."

"मीही," मागून एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या शेजारच्याने नुसताच हात वर केला.

मुलाने बाईंकडे पाहिलं. "हर शनिवार? पक्का?"

"तुह्या मायच्या वयाची आहो मी. पोरापुढं खोटं बोलीन का?"

तो खाली बसला. पुढच्या शनिवारी त्यानेच वडिलांना मोटारसायकलवर आणून सोडलं. तिघंही आधीच येऊन थांबले होते, आणि वही घेऊन मीही होते, नव्या पानावर वर "शनिवार" लिहून. काकांनी डबडं बाईंच्या हाती दिलं, ब्रश दुसऱ्याकडे.

"पाय दुखला त बसाचं," त्यांनी बजावलं. "कोनी घाई केली त मी परत जातो."