हुलसूरच्या रेडिओवरचा समुद्र

रोज हवामान वाचणाऱ्या माणसाकडे पैसा-अडका काही साठत नाही, किस्से मात्र भरपूर साठतात. मी ते कुठं लिहून ठेवलेले नाहीत. कुणी केंद्रावर आलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा निघतो, आणि पाहुण्याचा चहा थंड होऊन जातो.

कर्नाटकातल्या बीदर जिल्ह्यात, हुलसूरला आमचं छोटं रेडिओ केंद्र आहे. दोन खोल्या, गच्चीवर टॉवर, आणि आवाज जाऊन जाऊन पंधरा किलोमीटर. माणसं तीन. शिवराज अण्णा हे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर. कन्नड तेच वाचतात. नसीमभाई मशीन सांभाळतात. मी जनवाड्याची, मराठी वाचणारी. नसीमभाई काहीच वाचत नाहीत, पण तिघांत सगळ्यात जास्त तेच बोलतात!

रोज सकाळी बेंगळुरूहून अख्ख्या राज्याचा अंदाज येतो. त्यात सगळ्यात आधी किनारपट्टी. पाऊस किती, वारा कुठला, लाटा केवढ्या. मग उतरत उतरत अगदी शेवटी आम्ही. चैत्र-वैशाखात तर तो समुद्राचा भाग फारच लांबतो. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "अण्णा, हुलसूरला समुद्र कुठाय? एवढं सगळं कामून वाचायचं?"

अण्णांनी चष्मा पुसला. "आलंय तेवढं वाचायचं. कुणाला काय लागतंय, आपल्याला ठाऊक न्हाई."

"पण अण्णा..."

"हेडमास्तर मी हाय!"

रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती त्यांना.

* * *

आमच्या भागात लाट म्हणजे एकच, उन्हाची. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी आपली वाचून मोकळी झाले, "अडीच मीटर उंचीच्या लाटा येण्याची शक्यता आहे."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत केंद्रावर आले. "माय, काल तू अडीच मीटरची लाट म्हनलीस."

"व्हय काका."

"मी दिवसभर घरातल्या कुनाला अंगनात जाऊ दिलं न्हाई. म्हशी बी आत बांधल्या. पन येक सांग, ऊन मीटरनं कवापासून मोजायलेत?"

नसीमभाई तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. मी काकांना बसवलं आणि समुद्राच्या लाटेचं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं.

"म्हंजे पानी उभं ऱ्हातंय?"

"व्हय."

"अडीच मीटर?" त्यांनी मान वर करून दाराच्या चौकटीकडं पाहिलं. चौकट तेवढी नव्हती. मग छताकडं पाहिलं. उठता उठता म्हणाले, "मग त्याच्यात मानसं कामून जातेत?"

तेव्हापासून मी 'समुद्राच्या लाटा' असं स्पष्ट म्हणते.

* * *

अंदाज बरोबर आला की कुणी फोन करत नाही. चुकला की माणूस दारात येतो!

एका एप्रिलात दुसऱ्या दिवसासाठी वादळी वारा आणि गारांचा इशारा होता. आम्ही तो दोनदा वाचला. जवळच्या गावात त्याच दिवशी लग्न होतं. मुलीच्या वडिलांनी रातोरात मांडव काढला आणि सगळं लग्न शाळेत हलवलं. आणि आभाळ कसं, तर धुतलेल्या ताटासारखं!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ते दारात उभे.

"तीन वर्गात पंगत बसवली मी! व्याही चौथीच्या बाकावर गुडघे आवळून जेवला! ढगाचा ठिपका न्हाई आभाळात! पाऊस कामून आला न्हाई, सांगा!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "आन आला असता तर?"

"आला असता तर तुमचा सत्कार केला असता!"

"बरं. पुढच्या पोरीच्या लग्नाला बघू."

"पुढची पोरगी न्हाई मला!" ते ओरडले, आणि एकदम बाकावर बसले. एकुलती एक होती. सकाळीच सासरी गेली होती.

अण्णांनी नसीमभाईंना चहा सांगितला. त्या गृहस्थांनी दोन कप चहा घेतला. पावसाचा विषय परत कुणी काढला नाही.

* * *

समुद्राची अशी सवय झाली गावाला, की काय सांगावं! बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांना विचारायला लागली, "काय, आज समुद्र कसा हाय?" ज्यांनी मांजरा नदीपलीकडं मोठं पाणी पाहिलेलं नाही, अशी माणसं ही.

एकदा नसीमभाई तासभर उशिरा आले. शर्टाचं बटण तुटलेलं. अण्णांनी घड्याळाकडं पाहिलं.

"अण्णा, आज घर में समुंदर उबल रा सो है," नसीमभाई म्हणाले. "मच्छीमारां बाहर नक्को निकलना!"

"मग तुम्ही कसे निघालात?"

"निकल्या नै अण्णा. फेंक दिए!"

* * *

पुढचा किस्सा सांगायला जीभ वळत नाही. पण तो गाळून बाकीचे सांगणं मला बरं वाटत नाही.

दुपारी एकला आमचं पहिलं वाचन असतं. त्या दिवशी आधीच्या भजनाचं रेकॉर्डिंग लांबलं आणि माझ्या हातात दोनच मिनिटं उरली. मी समुद्र वाचला, तापमान वाचलं, आणि वेळ संपायला आली म्हणून खालची ओळ सोडली. म्हटलं, संध्याकाळी वाचू. ओळ अशी होती: बीदर जिल्ह्यात दुपारनंतर विजांसह पाऊस, झाडाखाली थांबू नये.

चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं. पलीकडच्या गावात एक बाई शेळ्या चारत होती. ती चिंचेखाली थांबली आणि चिंचेवरच वीज पडली. तिच्याबरोबर दोन शेळ्याही गेल्या.

मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "उद्या जाऊन येऊ."

गेलो. तिचा नवरा ओट्यावर बसला होता. चाळिशीचा असेल. उरलेल्या शेळ्या दारातच बांधल्या होत्या आणि सारख्या ओरडत होत्या. मी त्याच्यापुढं बसले आणि जसं झालं तसं सांगितलं. "ती ओळ माझ्या हातात होती. मी वाचली न्हाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "बाई, आमच्याकडं रेडिओच न्हाई."

येताना अण्णांनी अर्ध्या रस्त्यात स्कूटर थांबवली. माझ्याकडं न बघताच विचारलं, "त्याचं ऐकून बरं वाटलं का तुला?"

"न्हाई अण्णा."

"वाटू बी देऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही क्रम बदलला. आधी आपला जिल्हा, मग बाकीचं राज्य, शेवटी समुद्र. पण एकही ओळ सोडायची नाही. अण्णांनी स्वतःच्या घरातला रेडिओ त्या माणसाला नेऊन दिला. तो लावतो की नाही, हे आम्ही कधी विचारलं नाही.

* * *

हुलसूरातच, आमच्या केंद्राच्या मागच्या गल्लीत, लक्ष्मणकाका आणि शेवंताकाकू राहतात. काका पूर्वी गवंडीकाम करायचे. प्रकाश हा त्यांचा एकच मुलगा, मंगळूरकडं कामाला.

त्या वैशाखात अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. पहिल्या दिवशी मी वाचलं, होड्यांनी परत यावं. दुसऱ्या दिवशीचा अंदाज त्याहून वाईट होता.

दुपारी चारला लक्ष्मणकाका आले. आत बसले नाहीत, दारातच उभं राहून म्हणाले, "माय, येक ऐकशील? आज संध्याकाळी त्येवढं समुद्राचं वाचू नगं. आमचा प्रकाश बोटीवर हाय. फोन लागंना. काल तुझं ऐकल्यापासून घरवाली जेवली न्हाई. मी आलतो म्हनून तिला सांगू नगं."

मी अण्णांना विचारते म्हटलं. ते गेले.

अर्धा तास झाला नसेल, मागच्या दारानं शेवंताकाकू आल्या. पदर तोंडाशी धरलेला. "माय, आजच्या दिवस समुद्राचं सोड. पोरगं बोटीवर हाय, ह्यांचं बीपी वाढायलंय. काल भाकर तशीच ठिवली ताटात. सारखं दाराकडं बघायलेत. आन मी आलते म्हनून बोलू नगस."

मी अण्णांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले आणि दोघांचं सांगितलं. मला वाटत होतं त्यांनी 'सोड आज' म्हणावं. खरंच वाटत होतं. चिंचेखालची बाई डोळ्यापुढं होती, तरीही वाटत होतं.

अण्णांनी अंदाजाचा कागद परत एकदा वाचला. मग उठले, स्कूटरची किल्ली घेतली.

"तू सगळं वाच. मी तिथं जाऊन बसतो."

"और कन्नड कौन पढींगे अण्णा?" नसीमभाईंनी विचारलं.

"आल्यावर वाचतो. आज थोडं उशिरा."

मी वाचलं. जिल्हा वाचला, राज्य वाचलं, मग समुद्र. "समुद्र अतिशय खवळलेला राहील. जे मच्छीमार समुद्रात आहेत, त्यांनी जवळच्या बंदरात आसरा घ्यावा." काचेपलीकडं नसीमभाई डोळे मिटून उभे होते.

तिकडं काय झालं ते अण्णांनी नंतर सांगितलं. रेडिओ मध्ये होता, एका बाजूला काका, एका बाजूला काकू. समुद्राचं सुरू झाल्याबरोबर दोघांचेही हात बटणाकडं गेले. हाताला हात लागला. मग दोघांनीही हात मागं घेतले आणि शेवटपर्यंत ऐकलं.

पुढचे तीन दिवस मी तेच वाचत होते. गल्लीतून जाताना त्यांच्या घराकडं बघायची हिंमत होत नव्हती.

चौथ्या दिवशी काका केंद्रावर आले. "फोन आला पोराचा. बरा हाय." एवढंच बोलले आणि गेले. नसीमभाईंनी त्या दिवशी सगळ्या टपरीला चहा पाजला.

पावसाळ्याच्या तोंडावर मासेमारी बंद झाली आणि प्रकाश घरी आला. एका सकाळी तो केंद्रावर उभा राहिला. उन्हानं रापलेला, उंच, हातांवर दोरांचे घट्टे.

"ताई, आई म्हनली रेडिओवाल्या ताईला भेटून ये. कामून, ते सांगितलं न्हाई."

मी त्याला बसवलं. त्या दिवसाचं सगळं सांगितलं. आधी काका आले, मग काकू आल्या, अण्णा घरी जाऊन बसले. तो ऐकत होता. त्यांची बोट वाऱ्यात सापडून कशीबशी कारवारला शिरली होती, हे त्यानं मध्येच सांगितलं. पण माझं सांगून होईपर्यंत त्याचा चेहरा उतरला.

"ताई, अप्पा बोट म्हनले? आई बी?"

"व्हय. दोघं बी."

"मी बोटीवर हाय हे त्यांना ठाऊकच न्हाई, ताई. तीन वर्षं झाली. हॉटेलात कामाला हाय, असंच सांगत आलोय मी. त्या दिवशी कारवारहून फोन केला तवा बी तेच सांगितलं. हॉटेलात गर्दी लई हुती, चार दिवस फोन घेता आला न्हाई म्हनलं."

"मग काका काय म्हणाले?"

प्रकाशनं तळहात एकमेकांवर घासले.

"म्हनले, 'बरं. कपडे वाळवून घाल.'"