कॅमेरा पाळीवर होता

वैशाखातली सकाळ होती. तलावाकाठी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या चौदा घरांची माणसं बसली होती. मधे मासळीचा ढीग, ढिगापुढं माझी माय. चंद्रपूरच्या फिल्म क्लबचे सर वर पाळीवर, तलावाच्या बांधावर, स्टुलावर कॅमेरा ठेवून उभे. वरूनच म्हणाले, "आजींना म्हणावं, हात पसरा. मासळी मागताहेत असं."

माय वाटे पाडणारी. प्रत्येक घराची मासळी तिच्या हातून जाते. तिनं हात पसरायचा.

वाट्यांची फिल्म करायला सरांना मीच बोलावलं होतं. त्यांच्या वर्गाला मी तीन रविवार गेलो. जुना काळा-पांढरा सिनेमा मधेच थांबवून ते समजावत. मालक खालून घेतलेला, डोक्यामागं नुसतं आभाळ. मजूर वरून घेतलेला, अंगावर खिडकीच्या गजांची सावली. "कॅमेरा वर गेला की माणूस लहान होतो. मग संवाद लागत नाही," असं ते म्हणाले होते. मला ते पटलं होतं. आवडलंही होतं.

आता लहान करायची माणसं आम्ही होतो.

"सर, खाली या," मी म्हणालो. "वाटे पडतानी आमच्यात कोनी उभा राहत नाई. उभ्या मानसाची नजर ढिगावर राह्यते."

"ही जुन्या सिनेमाची भाषा आहे. तुम्हाला फ्रेम कळत नाही."

"कळते ना. तुमीच शिकवली."

बाया हसल्या. सर तापले. "तुम्ही आधी बाजूला व्हा. तुमच्या इस्त्रीच्या शर्टानं गरिबी दिसत नाही."

मी पाळ चढलो आणि भिंगापुढं उभा राहिलो. "कॅमेरा मायच्या डोळ्याइतका खाली घ्या. नाईतर बंद करा."

खालून माय म्हणाली, "काऊन भांडून राह्यला रे? बस म्हन त्यायले. पाहुन्याचा वाटा काढला हाये."

सरांनी चिखलाकडं पाहिलं, मग आपल्या पँटकडं. बसले नाहीत. कॅमेरा पेटीत घालून गेले.

पाहुण्याचा वाटा म्हणजे एक मरळ आणि ओंजळभर झिंगे. मायनं तो शेवटी शेजारच्या विधवा सईबाईला दिला. तिचा स्वतःचा वाटा होताच, हा वरचा. ती सकाळपासून तिथं बसून होती.

आता कॅमेरा घेऊन कोणी आलं, तर मी नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठी बसनार? जो बसणार नाही, त्याला माझी माय दिसणार नाही.