लिनच्या आईचा काढा

आखातात राहिलेल्या माणसाकडे पैसा टिको न टिको, किस्से मात्र साठतातच! नव्वदच्या दशकात दुबईत देऱ्याला आमचं ट्रेडिंगचं ऑफिस होतं. तिथले माझे निम्मे किस्से एकट्या लिनचे. लिन म्हणजे आमच्याकडे चायनाचा माल बघणारा, कँटनचा माणूस.

*

ऊन तापलं की लिन थर्मास भरून आणायचा. आत काळाकुट्ट काढा! शेवंतीची सुकी फुलं, ज्येष्ठमध, आणखी कसली कसली मुळं. "पियो, अंदर का गरमी खलास!"

आमच्या ऑफिसातले राजापूरचे कासीमभाई. त्यांनी सरबत समजून अख्खा कप घशात ओतला. "या अल्ला! हे तर आमच्या आईचं कडू किराईत!"

दुसऱ्या दिवशी स्वतःचा मग घेऊन हजर.

*

एकदा लिनने एका अरबी गिऱ्हाइकालाही तो काढा पाजला. त्याने पाच चमचे साखर ढवळली, घोट घेतला आणि आमच्या साहेबांकडे वळून म्हणाला, "हबीबी, मी माल घ्यायला आलोय. शिक्षा कशाची?"

*

त्या काढ्याच्या पुड्या लिनची आई बांधायची आणि दुबईला निघालेल्या कुणाच्याही बॅगेत कोंबायची. पुड्या संपल्या की लिन चिडचिड करायचा.

मी म्हटलं, "अरे, फोनवर विचारून घे ना काय काय घालते ते!"

"हर बार पूछता है. अम्मा बोलती, बता दिया तो तू घर कायको आएगा?"

चार वर्षं तो घरी गेला नव्हता. सीझन संपला की जातो, असं दर वर्षी म्हणायचा. माझी आईही दर फोनला "गणपतीला येतोस ना?" विचारायची आणि मी इन्शाल्ला म्हणून मोकळा व्हायचो. त्या दुपारी घराची फार आठवण आली हो.

*

कासीमभाईंना राहवेना. मसाल्याच्या बाजारातून फुलं-मुळं हुंगून हुंगून आणली आणि पँट्रीत रटरट उकळली. लिनने घोट घेतला, डोळे मिटले.

"बहोत अच्छा, कासीमभाई. लेकिन ये मेरा अम्मा नहीं."

*

मग एका दुपारी लिनला घरून फोन आला. बराच वेळ तो नुसता हूं हूं करत होता. फोन ठेवून म्हणाला, "अम्मा ने सब बता दिया. कौनसा फूल, कौनसा जड़, कितना पानी. मैंने पूछा भी नहीं."

"मुबारक हो!" कासीमभाई ओरडले. "आता इथेच बनवू, यल्ला!" मी तर टाळ्याच वाजवल्या.

लिन खुर्चीवरून उठला. मग साहेबांच्या केबिनमध्ये गेला. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट त्यांच्याकडेच असायचे.

"सर, मेरा पासपोर्ट दो. आज जाना है."