ओझेलाचा टूथब्रश

खरं सांगते, ओझेलाचा मला भयंकर हेवा वाटायचा. बासष्ट सालची गोष्ट, अमेरिकेत जॉर्जियातल्या आमच्या गावातली. आम्ही काळी माणसं तेव्हा हक्कांसाठी मोर्चे काढायचो, नि पोलीस धरून तुरुंगात टाकायचे. कुत्रं भुंकलं तरी माझ्या पाठीशी दडणारी ही पोर तुरुंगात जाऊन आली काय, नि चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायला लागली काय! आणि मी? अख्ख्या चर्चमध्ये माझ्याइतका गोड गळा कुणाचा नव्हता, तरी मी मागेच.

मोर्च्याला जाताना आमच्या पोरी ब्लाउजच्या खिशात टूथब्रश खोचायच्या, कारण आत किती दिवस जातील याचा नेम नसे. सुटून आल्यावर तोच ब्रश खिशात मिरवायचा. ओझेलाचा तर दांडा मोडका, तरी सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर.

पहिल्या मोर्च्याच्या यादीत सगळ्यात वरचं नाव माझं होतं. भर सभेत, ऐटीत लिहिलं होतं. पण त्या सकाळी घाबरले. ताप आलाय म्हणून निरोप धाडला आणि पडद्याआडून मोर्चा बघितला.

एका रविवारी मात्र राहवेना. नवाकोरा लाल ब्रश खिशात खोचून मी ताठ मानेनं पहिल्या बाकाकडे निघाले. हॅटीमावशीनं वाटेतच अडवलं.

"का गं अर्नस्टीन, अजून ओलासुद्धा झाला नाही वाटतं?"

सगळे फिदीफिदी हसले. मी तरातरा बाहेर आले. मागोमाग ओझेला.

"तू कशाला आलीस? जा, बस तुझ्या बाकावर!" मी खेकसले. "पण पहिलं नाव माझं होतं, विसरू नकोस."

"विसरेन कशी? तुझं नाव दिसलं म्हणून तर मी खाली लिहिलं. म्हटलं, अर्नी आहे ना, मग काय भ्यायचं! पोलिसांच्या गाडीत सारखी मागे वळून बघत होते, तू कुठं दिसतेस का." मग हळूच म्हणाली, "ताप लवकर उतरला ना गं?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तिला खरंच काळजी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी पुन्हा यादी निघाली. ओझेलानं पेन माझ्यापुढे धरलं.

"तू आधी," मी म्हटलं. तिच्या नावाखाली माझं लिहिलं. हेवा काही गेला नव्हता, आणि भीतीही.

दुपारी पोलिसांनी आम्हाला गाडीत कोंबलं. ओझेला पुढे चढली आणि तिनं मागे वळून बघितलं.

"आहे गं बाई, आहे," मी म्हटलं. "सरक जरा."